ट्रान्सफर केस न्यूट्रलला? आधी चाकाला गुटका!

कामठ्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावांत जिप्सी, थार अशा फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या आहेत. नवेगाव-नागझिऱ्याच्या सफारीतही जिप्सीच दिसते. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसच्या छोट्या लिव्हरवरच्या ‘एन’बद्दल, म्हणजे न्यूट्रलबद्दल, माझं ठाम मत आहे: दुरुस्तीत ही जागा फार कामाची, पण चाकांना गुटके लावल्याशिवाय तिथे हात नेऊ नये. गिअरबॉक्सकडून येणारी ताकद ट्रान्सफर केस पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टला वाटते. ‘एन’मध्ये हा दुवाच तुटतो. म्हणून गाडी ओढून नेताना गिअरबॉक्स फिरत नाही, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसची ढिलाई शाफ्ट हाताने फिरवून तपासता येते. पण त्याच कारणाने पहिला गिअर किंवा ऑटोमॅटिकमधला ‘पी’ चाकांना धरू शकत नाही.

कुणी म्हणेल, हँडब्रेक आहे ना! बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांवर असतो. मागचा ॲक्सल जॅकवर उचलला की जमिनीवर उरतात पुढची चाकं, आणि ‘एन’मध्ये ती मोकळी असू शकतात. मग गाडी गिअरमध्येच ठेवावी? एक मागचं चाक उचललं, तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये साधा डिफरेन्शियल ते हवेतलं चाक फिरू देतो. टेकलेलं चाक सरकू शकतं, गिअर असूनही. म्हणजे तो भरवसा आधीपासूनच अर्धा होता. सपाट, कडक जागा, टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके, मगच ‘एन’. कित्येक ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांत ट्रान्सफर केसचा ‘एन’ नसतोच. त्या ओढून न नेता चारही चाकं उचलूनच न्याव्यात.