पंचाहत्तर मिलिग्रॅमचा हिशेब

‘वडील ७४ वर्षांचे आहेत. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही, हार्टचा त्रास कधीच झालेला नाही. गेली बरीच वर्षं रात्री जेवणानंतर ॲस्पिरिन ७५ घेतात. ती आता बंद करावी असं वाचनात आलं. खरं काय?’ नाशिकच्या एका वाचकांचा हा प्रश्न. या ना त्या रूपात तो पुन्हा पुन्हा येतो, म्हणून आज त्याचं सविस्तर उत्तर.

आधी एक रेघ ओढून घेऊ. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे किंवा रक्ताच्या गुठळीमुळे अर्धांगवायू झाला होता, त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांच्या बाबतीत ॲस्पिरिनने आपली लायकी केव्हाच सिद्ध केली आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत झटक्याच्या संशयाने दाखल झालेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभराच्या ॲस्पिरिनने त्यांच्यातले पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. इतक्या स्वस्त गोळीने एवढे जीव वाचवल्याची उदाहरणं वैद्यकात फार थोडी आहेत. अशा रुग्णांनी वर्तमानपत्रातलं काही वाचून, अगदी हा लेख वाचूनही, गोळी स्वतःहून थांबवू नये. आपला प्रश्न आहे तो कधीच काही न झालेल्या माणसाचा, जो ‘पुढे काही होऊ नये’ म्हणून गोळी घेतो.

ही कल्पना आली कुठून? पाठ्यपुस्तकांत शास्त्रज्ञ जॉन वेन यांचं नाव सापडतं आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या वीस वर्षं आधी लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेल गावात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. ते टॉन्सिलची ऑपरेशनं करत. घसा दुखू नये म्हणून रुग्णांना ॲस्पिरिन घातलेलं च्युइंगम देत. काही रुग्णांच्या जखमेतून एवढं रक्त जाऊ लागलं की त्यांना दाखल करावं लागलं. चौकशी केली तेव्हा कळलं, यांनी च्युइंगमचा सपाटाच लावला होता. दिवसाला वीस-वीस कांड्या चघळल्या होत्या. दुसऱ्या कुणी डॉक्टरने रुग्णाला दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. क्रेव्हन यांनी मात्र तोच धागा पुढे नेला. घशातलं रक्त गोठू न देणारी ही वस्तू हृदयाच्या धमनीतली गुठळीही रोखू शकेल का? खात्री करण्यासाठी ते स्वतः रोज बारा गोळ्या घेऊ लागले आणि पाच दिवसांत त्यांचा घोळणा फुटला.

मग त्यांनी चाळीस ते पासष्ट वयाच्या, बैठं काम करणाऱ्या, वजन वाढलेल्या पुरुषांना ॲस्पिरिन सुरू केली. १९५० साली अशा ४०० जणांची हकिगत छापली. १९५६ पर्यंत आकडा सुमारे ८,००० वर गेला आणि त्यांतल्या एकालाही झटका आला नाही, असं त्यांनी लिहिलं. लेख आले ते ‘मिसिसिपी व्हॅली मेडिकल जर्नल’सारख्या छोट्या नियतकालिकांत, त्यामुळे मोठ्या इस्पितळांत कुणी ते वाचलेच नाहीत. १९५७ साली खुद्द क्रेव्हन हृदयविकाराने गेले. एखाद्या गावातल्या दवाखान्यात बसून, कोणतंही अनुदान नसताना, केवळ रुग्णाकडे नीट पाहून एवढी मोठी गोष्ट हेरणाऱ्या या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या कामातली उणीवही स्पष्ट सांगायला हवी. गोळी न घेणारा, तुलनेसाठीचा गट त्यांनी ठेवलाच नव्हता. आणि त्यांच्या यादीत पासष्टीपुढचं कुणी नव्हतं. पहिली उणीव पुढच्या संशोधकांनी तुलनेने लवकर भरून काढली. दुसरी भरायला साठ वर्षं लागली.

१९७१ मध्ये वेन यांनी ॲस्पिरिनचं गुपित उलगडलं: ती शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती थांबवते. या कामासाठी १९८२ चं नोबेल त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. या रसायनांच्या कुटुंबातलं एक, थ्रॉम्बॉक्झेन, रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटायला लावतं. ते बनवणाऱ्या एन्झाइमला ॲस्पिरिन कायमचं निकामी करते. इतर पेशी नवं एन्झाइम तयार करतात, पण प्लेटलेटला केंद्रकच नाही. घरून बांधून घेतलेल्या शिदोरीवरच सगळा प्रवास करायचा, वाटेत चूल मांडायची सोय नाही, अशी तिची स्थिती. शिदोरी एकदा सांडली की तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती परत भरत नाही. म्हणून एवढीशी मात्रा पुरते.

अडचण अशी की, जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारी रसायनंही याच कुटुंबातली. म्हणजे गुठळी टाळणं आणि पोटातून रक्त जाणं ही एकाच कृतीची दोन फळं आहेत. ‘माझी गोळी आवरणाची आहे, पोटाला त्रास देत नाही’ असं पुष्कळ जण सांगतात. आवरणामुळे गोळी जठराऐवजी आतड्यात विरघळते, एवढंच. रक्तात मिसळल्यावर तिचा परिणाम जठरासकट सगळीकडे पोचतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरी फसगत तिथेच आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीचा अंतिम अहवाल आला. दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पहिला झटका येण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं होतं. हा ४४ चा आकडा जगभर गाजला. मूळ संख्या अशा: प्रत्येक गटात सुमारे ११,००० डॉक्टर, गोळी घेणाऱ्यांत १३९ झटके, न घेणाऱ्यांत २३९. पाच वर्षांत हजारामागे नऊ झटके टळले. फायदा खरा आहे, पण ‘४४ टक्के’ ऐकताना मनात जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे. शिवाय हृदयविकाराने होणाऱ्या एकूण मृत्यूंत फरक पडलाच नव्हता, आणि ही गोष्ट मथळ्यांत आली नाही.

वृद्धांचा प्रश्न सरळ विचारला तो ‘ॲस्प्री’ या चाचणीने. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे जॉन मॅकनील यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ निरोगी ज्येष्ठ तिच्यात आले. बहुतेक सगळे सत्तरीपुढचे. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी औषधाविना गोळी. मला सगळ्यात भावलं ते त्यांनी मोजायला घेतलेलं माप. किती झटके टळले हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. स्मृतिभ्रंश न होता, आंघोळ, कपडे, जेवण, खोलीतल्या खोलीत चालणं या गोष्टी आपल्या आपण करत माणूस किती काळ जगला, हे त्यांना पाहायचं होतं. कोणत्याही आजी-आजोबांना विचारा, त्यांना औषधाकडून नेमकं हेच हवं असतं. औषधांच्या चाचण्यांनी हा प्रश्न क्वचितच विचारला होता.

२०१८ साली निकाल आला: साधारण पावणेपाच वर्षांत या मापावर दोन्ही गटांत फरक शून्य. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण वर्षाला हजारी १०.७ विरुद्ध ११.३, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढाच फरक. गंभीर रक्तस्राव मात्र ८.६ विरुद्ध ६.२. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर हजार ज्येष्ठांमागे बारा जणांना जादा गंभीर रक्तस्राव, आणि बदल्यात फार तर तिघांचा बचाव. त्याच लोकांचा पुढचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात गोळी घेणाऱ्यांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त निघालं. थकवा आला, चालताना दम लागला, की घरचे म्हणतात ‘वय झालं’. पोटातून थेंबथेंब जाणाऱ्या रक्ताकडे लक्षच जात नाही.

डॉक्टरांच्या चाचणीत झालेला फायदा इथे का दिसला नाही? एक तर त्या काळी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या जेमतेम बाजारात येत होत्या. आज बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांवर आधीच काम झालेलं असतं. ॲस्पिरिनला टाळायला उरतं ते थोडंच. दुसरीकडे वाढत्या वयात जठराचं अस्तर कमजोर होतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, किडनी मंदावते. फायदा आटत जातो, धोका वाढत जातो, आणि गोळी तेवढीच राहते.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृती दलाने २०२२ मध्ये साठीनंतर अशी गोळी नव्याने सुरू करू नये असं सांगितलं. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची जी यादी सुरू केली, तिच्या २०२३ च्या आवृत्तीनेही तेच म्हटलं. शिवाय आधीपासून घेणाऱ्यांची गोळी थांबवण्याचा विचार करावा, असंही सुचवलं.

ही झाली परदेशातली आकडेवारी. आपल्याकडे झटके लवकरच्या वयात येतात, मग हे इथे लागू पडतं का? शंका रास्त आहे. ‘टिप्स-३’ चाचणीतल्या ५,७१३ लोकांपैकी जवळजवळ निम्मे भारतातले होते, मात्र सरासरी वय ६४, म्हणजे तुलनेने तरुण. २०२१ च्या निकालात नुसत्या ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनचा फायदा ठामपणे दिसला नाही. बीपी-कोलेस्टेरॉलच्या एकत्रित गोळीसोबत दिली तेव्हा दिसला. गंभीर रक्तस्रावही थोड्यांनाच झाले. तेव्हा पन्नाशीतल्या, जोखीम जास्त असलेल्या माणसाचं उत्तर वेगळं असू शकतं आणि ते डॉक्टरांनी त्याच्यापुरतं ठरवावं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या निरोगी माणसासाठी मात्र माझ्या मते पारडं स्पष्ट झुकलेलं आहे.

आपल्याकडे एक जास्तीची जोखीम आहे. गुडघे दुखले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक आणलं जातं. ॲस्पिरिनसोबत ही औषधं पोटातल्या रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवतात. आयब्युप्रोफेन तर एन्झाइममधली ॲस्पिरिनची जागाच अडवून बसतं. मग गुठळीपासूनचं संरक्षण घटतं आणि पोटाचा धोका तेवढा उरतो. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर जात नाही, कारण या गोळ्या ‘साध्या’ म्हणून कुणी सांगतच नाही.

तर नाशिककर वाचकहो, वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे जा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला, गुडघ्यांच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांसकट. ॲस्पिरिन कोणी, केव्हा आणि कशासाठी सुरू केली होती हे जुन्या फायलीत शोधा. एखादा विसरलेला सौम्य झटका किंवा स्ट्रेस टेस्टमधला दोष निघाला तर सगळा हिशेब बदलतो. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.