कात टाकलेला खेकडा



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल आणि काहींच्या तोंडाला पाणी सुटले असेल. दोघांनाही मी एवढेच सांगेन की, या विषयात जिभेइतकेच बुद्धीलाही काम आहे. एक खाद्यपदार्थ नीट समजून घेऊ लागले की त्यामागे प्राणिशास्त्र येते, समुद्र येतो, बाजार येतो, आणि रात्रभर दिवा लावून बसलेला माणूसही येतो. या सर्वांची ओळख करून घेतल्यावाचून तो पदार्थ कोठे चांगला मिळतो हे कळत नाही.

कोकणच्या माणसाला खेकड्याची ओळख करून द्यायला नको. मालवणाकडे ती कुर्ली, कोळीवाड्यात ती चिंबोरी. आपल्याकडे खेकडा खायचा म्हणजे तो फोडायचा. डेंगे बत्त्याने ठेचायचे, तंगड्या दातांखाली धरायच्या, पाठीचे कवच उचकटायचे, आणि तासाभराच्या खटपटीनंतर पुढ्यात कवचांचा ढीग जमवायचा. आता अशा माणसाची मुले अमेरिकेत मेरीलँड किंवा व्हर्जिनिया राज्यात नोकरीला आहेत. तो त्यांच्याकडे मे महिन्यात जातो, आणि मुले त्याला समुद्रकाठच्या एखाद्या उपाहारगृहात घेऊन जातात. तेथे शेजारच्या मेजावरील गृहस्थ पावाच्या दोन तुकड्यांमध्ये अख्खा खेकडा घालून खात असतो. खेकड्याचे पाय पावाबाहेर लोंबत असतात, आणि तो गृहस्थ पायांसकट, कवचासकट लचका तोडीत असतो. बत्ता नाही, अडकित्ता नाही, ढीगही नाही. हाच तो 'सॉफ्ट-शेल क्रॅब', म्हणजे मऊ कवचाचा खेकडा.

पाहणाऱ्याची पहिली समजूत अशी होते की, ही खेकड्याची वेगळी जात असावी. दुसरी समजूत अशी की, काही युक्तीने शिजवून त्याचे कवच मऊ केले असावे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा रोजचाच खेकडा आहे. फक्त तो कात टाकल्यानंतरच्या काही घटकांत धरलेला आहे.

सापाची कात आपण पाहिलेली असते. खेकड्याचे कातीवाचून चालतच नाही. त्याचा सांगाडा शरीराच्या आत नसून बाहेर आहे, आणि तो चुन्याने टणक झालेला असल्यामुळे वाढत नाही. वाढत्या मुलाला लोखंडी अंगरखा घातला तर जे होईल तेच खेकड्याचे होते. म्हणून जुन्या कवचाखाली तो आधी एक नवे, मऊ, सुरकुतलेले कवच तयार करतो. मग जुने कवच पाठीमागच्या बाजूस उकलते, आणि खेकडा त्यातून मागच्या मागे सरकत बाहेर पडतो. डेंगे, तंगड्या, डोळ्यांचे देठ आणि कल्लेसुद्धा तो जुन्या खोळीतून ओढून काढतो. बाहेर येताच पाणी शोषून तो फुगतो, आणि बहुधा पूर्वीपेक्षा चौथा ते तिसरा हिस्सा मोठा होतो. त्यानंतर नव्या कवचात चुना भरू लागतो. अर्ध्या दिवसात ते कागदासारखे कडकडीत होते, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पूर्ववत टणक. म्हणजे खरा मऊपणा काही तासांचाच.

या काही तासांवर ज्यांनी एक धंदा उभारला, ते लोक चेसापीक उपसागराच्या काठचे. हा उपसागर मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांत सुमारे ३२० किलोमीटर आत शिरलेला आहे. नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी येथे एकमेकांत मिसळते, आणि तळाशी सागरी गवताची कुरणे आहेत. येथील निळ्या खेकड्याला मेरी रॅथबन या विदुषीने १८९६ साली 'कॅलिनेक्टिस सॅपिडस' असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ सुंदर पोहणारा, आणि दुसऱ्याचा अर्थ चविष्ट. प्राणिशास्त्राच्या कोशात चवीचे प्रमाणपत्र मिळवणारे प्राणी थोडेच असतील!

उपसागराच्या पूर्व काठावर क्रिसफील्ड नावाचे गाव आहे. १८६६ साली तेथे आगगाडी पोहोचली, आणि मऊ खेकड्यासारखा नाशिवंत माल दूरच्या शहरांत पाठवणे शक्य झाले. समोरच्या स्मिथ आणि टँजियर या बेटांवरही हाच धंदा चालतो.

आता प्रश्न असा की, कोट्यवधी खेकड्यांतून नेमका आज कात टाकणारा खेकडा ओळखायचा कसा? नदीत हात घालून तो सापडेल अशी वाट पाहत बसले तर धंदा होणार नाही. येथेच या कोळ्यांचे ज्ञान दिसते. निळ्या खेकड्याचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो. या वल्ह्याच्या कडेने, पातळ कवचातून, आत तयार होत असलेल्या नव्या कवचाची रेघ दिसते. रेघ पांढरी असेल तर कात टाकायला सुमारे दोन आठवडे अवकाश आहे. गुलाबी असेल तर आठवडाभर. लाल झाली की एक ते तीन दिवस. जाळ्यात आलेला खेकडा उचलून, डेंग्यांचा मारा चुकवीत, या रेघेवर नजर टाकायची आणि त्याला योग्य टाकीत सोडायचे, हे काम एका क्षणात करावे लागते.

टाकीत टाकले म्हणजे काम संपले असे नाही, तेथून जागरण सुरू होते. खेकडा हा स्वजातिभक्षक प्राणी आहे. कात टाकलेला भाऊ शेजारी दिसला की टणक खेकडा त्याचा फडशा पाडतो. म्हणून ज्यांची वेळ भरली आहे ते वेगळे, ज्यांना अवकाश आहे ते वेगळे, अशी सारखी निवड करीत राहावे लागते. वाहत्या पाण्याच्या उथळ टाक्यांवर दिवे लावून माणसे दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, फेरी मारतात. खेकडा बाहेर पडला, फुगला, की त्याला पाण्यातून उचलायचे. चुना भरण्याची क्रिया पाण्यात चालते. पाण्याबाहेर आणि थंडाव्यात ती जवळजवळ थांबते. फेरी चुकली तर कवच कागदी होते, आणि मालाचे मोल उतरते. उचललेले खेकडे तबकात ओळीने मांडून, ओलसर गवत किंवा ओला कागद पांघरून, थंडीत ठेवून जिवंतच पाठवले जातात. असे ते थोडेच दिवस टिकतात. उपाहारगृहातील ताटाला जो दाम पडतो, त्यात या जागरणाचा वाटा मोठा असतो.

एवढे समजले म्हणजे चांगला मऊ खेकडा कोठे आणि कसा शोधावा, याची उत्तरे आपोआप मिळतात.

पहिली गोष्ट हंगामाची. पाणी तापू लागले की खेकडा कात टाकतो, त्यामुळे हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. फ्लॉरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना येथे तो वसंताच्या आरंभी सुरू होतो. चेसापीकमध्ये मे महिन्यात, आणि तो सप्टेंबरपर्यंत चालतो. मे महिन्याच्या पौर्णिमेला पहिली मोठी लाट येते, असे तेथील कोळी मानतात. अमावास्येचा खेकडा भरलेला असतो, असे आपल्याकडेही म्हणतात. चंद्राचा आणि खेकड्याचा संबंध दोन्ही किनाऱ्यांनी जोडलेला आहे. तेव्हा एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या उपाहारगृहात ताजा मऊ खेकडा मिळाला तर तो दक्षिणेचा असू शकेल, आणि त्यात फसवणूक नाही. परंतु जानेवारीत तेथल्या किनाऱ्याचा 'ताजा' खेकडा कोणी पुढे केला, तर मात्र शंका घ्यावी.

कारण गोठवलेला मऊ खेकडा वर्षभर मिळतो. त्यातला पुष्कळसा म्यानमार, थायलंड अशा देशांतून येतो, आणि तो निळा खेकडा नसून आपल्याही खाड्यांत राहणाऱ्या चिखली खेकड्याच्या जातीचा असतो. एकेक खेकडा वेगळ्या पेटीत ठेवून त्याची कात होईपर्यंत वाट पाहतात आणि लगेच गोठवतात. हा माल वाईट असतो असे मी म्हणणार नाही. जपानी पद्धतीच्या उपाहारगृहात भाताच्या गुंडाळीत तळलेला मऊ खेकडा घालतात. तेथे तो पुष्कळदा असाच असतो आणि शोभूनही दिसतो. मात्र गोठवलेल्या खेकड्यात पाणी जास्त सुटते, अंग भुसभुशीत होते, आणि ते झाकण्यासाठी पिठाचा जाड थर द्यावा लागतो. गोठवलेला माल ताज्याच्या नावाने आणि ताज्याच्या भावाने विकणे ही खरी लबाडी.

म्हणून वाढप्याला तीन प्रश्न विचारावेत. खेकडे कोठले? आज सकाळी ते जिवंत होते काय? आणि मागणी आल्यावर साफ करता, की आधीच करून ठेवता? चांगल्या जागी ही उत्तरे चटकन आणि आनंदाने मिळतात. जेथे वाढपी घुटमळतो तेथे दुसरे काही मागवावे. स्वतः विकत घेणाऱ्याने बाजारात जावे. वॉशिंग्टनचा मेन अव्हेन्यूवरील मासळीबाजार १८०५ पासून चालू आहे, आणि बाल्टिमोरचे लेक्झिंग्टन मार्केट १७८२ पासूनचे आहे. घेताना बोट लावून पाहावे: पाय किंचित हलला पाहिजे, वास समुद्राचा आला पाहिजे, उग्र येता कामा नये, आणि पाठ दाबली असता कागदासारखी कुरकुरता कामा नये. आकारांना तेथे मजेदार नावे आहेत. लहान तो 'मीडियम', मग 'हॉटेल', 'प्राइम', 'जंबो', आणि सर्वांत मोठा तो 'व्हेल', म्हणजे देवमासा! मोठा म्हणजे चांगला असे मात्र नाही. खाणारे जाणकार पुष्कळदा मधलाच पसंत करतात, कारण त्याचे कवच अधिक नाजूक असते.

रांधण्याची रीत सोपी आहे. कात्रीने डोळे-तोंडाचा भाग कापायचा, पाठीची दोन टोके उचलून खालचे कल्ले काढायचे, पोटाखालची झडप काढायची. मग कोरडे करून, पिठात घोळवून, लोण्यावर दोन्ही बाजूंनी काही मिनिटे परतायचे. वर लिंबू. आपला हात येथे मसाल्याकडे धावतो, पण तो आवरावा. वाटणाची आमटी टणक खेकड्यासाठी जन्मली आहे. कवचातून तिला रस ओढून घ्यायचा असतो. मऊ खेकड्याची चव गोडसर आणि हळुवार, ती खोबऱ्या-मिरचीखाली बुडून जाते. हळद-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकला, तर मात्र तो आपल्या पंगतीतही परका वाटणार नाही. कवचधारी जलचर ज्यांच्या प्रकृतीला सोसत नाहीत त्यांनी अर्थातच लांब राहावे. येथे तर कवचही पोटात जाते.

ही आवड एकट्या अमेरिकेची नव्हे. इटलीत व्हेनिसच्या खाजणात तेथल्या लहान हिरव्या खेकड्याला कात टाकल्यावर 'मोएका' म्हणतात, आणि वसंतात व शरदात त्याची वाट पाहतात. तेथेही कोळी लाकडी पेट्यांत खेकडे ठेवून त्यांची निवड करीत बसतात. आपल्याकडील व्यवहार नेमका उलट. कात टाकून थोडे दिवस झालेला चिखली खेकडा आतून पाणीदार आणि पोकळ असतो. म्हणून व्यापारी त्याला कमी भाव देतात, आणि काही ठिकाणी त्याला तळ्यात खाऊपिऊ घालून, भरू देऊन मग विकतात. त्यातही शहाणपण आहे. कवच टणक होऊन आत मांस भरलेले नाही, अशी ती मधली अवस्था कोणाच्याच उपयोगाची नाही. खेकडा खावा तो कात टाकताक्षणी, नाहीतर पूर्ण भरल्यावर.

शेवटी एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. निळ्या खेकड्याची मादी आयुष्यात बहुधा एकदाच संग करते, आणि तोही शेवटची कात टाकल्यावर, मऊ असताना. नर तिला त्याआधी काही दिवस आपल्या पायांच्या पिंजऱ्यात धरून राखीत असतो. म्हणजे जी घटका आपल्या जिभेच्या सुखाची, तीच त्या जातीच्या पुढच्या पिढीची. हे न ओळखता धरीत गेले तर काय होते, ते चेसापीकने पाहिले आहे. २००८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारला तेथील खेकडा-व्यवसायावर आपत्ती आल्याचे जाहीर करावे लागले. माद्यांच्या पकडीवर बंधने आली, व्हर्जिनियाने हिवाळ्यात तळ खरवडून खेकडे काढणे बंद केले, आणि संख्या वाढलीही. परंतु १९९० पासून दर हिवाळ्यात होणाऱ्या मोजणीत २०२२ साली सर्वांत कमी, सुमारे २३ कोटी, खेकडे आढळले. गवताची कुरणे १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाने उद्ध्वस्त झाली ती पूर्वीसारखी भरून आली नाहीत. आणि टँजियर बेटाने १८५० पासून आपली दोन-तृतीयांश जमीन समुद्राला दिली आहे. खेकडा राहिला आणि त्याची रेघ वाचणारा माणूसच राहिला नाही, असेही होऊ शकते.

म्हणून खाणाऱ्याने विचारावयाचे ते तीन प्रश्न केवळ चोखंदळपणाचे नाहीत. हंगामात, ठरलेल्या मापाचा, जवळच्या पाण्यातला खेकडा जो मागतो, तो त्या पाण्याला आणि रात्री जागणाऱ्या त्या माणसाला आधार देतो. मेरीलँडमध्ये साडेतीन इंचांहून लहान मऊ खेकडा पकडण्यास कायद्याने मनाई आहे. तो नियम तेथील अधिकाऱ्यांनी पाळावा तसा ताटासमोर बसलेल्यानेही पाळावा. आपल्या खाड्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. अंड्यांनी भरलेली मादी बाजारात चढ्या भावाने मागणारे आपणच असतो.

पुढच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणी मुलाबाळांकडे त्या किनाऱ्यावर गेले, तर मे महिन्यात जावे, आधी विचारावे, आणि मग निःशंक मनाने पाय-डेंग्यांसकट खावे.