मागच्या खोलीत राहिलेला माल

मागच्या वेळी आपण गटाच्या मालाची किंमत कशी काढायची ते पाहिलं. आज जरा लांब जाऊ या, अमेरिकेला. तिथल्या एका प्राध्यापक बाईंची ओळख करून देते. त्यांचं नाव झेनेप टॉन. एमआयटी या नावाजलेल्या संस्थेच्या स्लोन मॅनेजमेंट स्कूलमध्ये त्या शिकवतात. विषय ऑपरेशन्स मॅनेजमेंट. नाव जड आहे, गोष्ट मात्र रोजची आहे: काम कसं लावायचं. लग्नघरी दोनशे पानं वाढायची असली की भाजी कोण चिरणार, पुऱ्या कधी तळायला घ्यायच्या, वाढायला किती जणी, हे कुणीतरी आधी ठरवतं. अंदाज चुकला तर चांगला स्वयंपाकही गार होतो आणि वाढणाऱ्या पोरींना बोलणी बसतात. हाच विचार कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात हिशोबाने करायचा, एवढंच हे शास्त्र.

टॉन बाई मूळच्या तुर्कस्तानच्या. व्हॉलीबॉल खेळायच्या, आणि त्या खेळाच्या शिष्यवृत्तीवरच अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेल्या. तिथे इंजिनिअर झाल्या. मुलींचं खेळणं म्हणजे वेळ घालवणं, असं म्हणणारं कुणी घरात असेल तर त्यांना हे जरूर ऐकवा. पुढे हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॉक्टरेट केली, तिथेच सात वर्षं शिकवलं, मग एमआयटीत आल्या.

त्यांचं सुरुवातीचं संशोधन पगाराबद्दल नव्हतंच. ते मालाबद्दल होतं. बॉर्डर्स नावाची पुस्तकांची मोठमोठी दुकानं तेव्हा अमेरिकेत होती. टॉन बाई आणि त्यांचे प्राध्यापक अनंत रामन यांनी त्या दुकानांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की मदत मागायला आलेल्या सहा गिऱ्हाइकांपैकी साधारण एकाला दुकानात असलेलं पुस्तकच मिळत नव्हतं. कॉम्प्युटर म्हणतो, आहे. कपाटात मात्र नाही. ते मागच्या खोलीत खोक्यात पडलेलं, नाहीतर भलत्याच कप्प्यात सरकलेलं. गिऱ्हाईक हात हलवत परत.

दुकानदार म्हणेल, मग माल वाढवू. पण हिशोब उलटा निघाला. मालाचे प्रकार आणि साठा वाढला की असा हरवलेला मालही वाढत होता. लावणारे हात तेवढेच, आणि खोकी जास्त! आपल्या गटांनी प्रदर्शनाला नेलेला माल आठवा. सतरा प्रकारच्या चटण्या टेबलावर, आणि जी खपते ती शेंगदाण्याची नेमकी टेबलाखालच्या पोत्यात.

इथून टॉन बाईंची नजर मालावरून माणसांकडे वळली. दुकानं माणसांवरचा खर्च सगळ्यात आधी कापतात. माणसं कमी, शिकवणं कमी, पगार कमी, पाळी कधी लागेल याचा नेम नाही. मग माल जागेवर लागत नाही, रांगा वाढतात, विक्री घसरते. विक्री घसरली म्हणून आणखी माणसं कमी. हे चक्र आपोआप फिरत राहतं आणि शेवटी दोष मिळतो तो काउंटरवरच्या मुलीला.

याला उत्तर म्हणून २०१४ मध्ये त्यांचं ‘द गुड जॉब्स स्ट्रॅटेजी’ हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी बरा पगार देऊनही स्वस्तात माल विकणारी दुकानं दाखवली. स्पेनमधलं मर्काडोना हे त्यातलं माझं आवडतं. तिथे नव्या माणसाला चार आठवडे शिकवतात आणि पाळ्या महिनाभर आधी सांगतात. २००८ नंतरच्या मंदीत त्यांनी माणसं काढली नाहीत. उलट काम करणाऱ्यांनाच विचारून फालतू खर्च शोधले आणि किमती उतरवल्या.

हे जमतं कसं? बाईंच्या मते चार गोष्टी एकत्र लागतात. पहिली, प्रकार कमी ठेवायचे. ट्रेडर जोज या दुकानात सुमारे ४००० वस्तू असतात, नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये त्याच्या कितीतरी पट. दुसरी, रोजच्या कामाची पद्धत ठरवून द्यायची, पण गिऱ्हाइकासमोर काय करायचं ते माणसाला ठरवू द्यायचं. तिसरी, एकीला अनेक कामं यायला हवीत, म्हणजे गर्दी असेल तर ती गल्ल्यावर बसते आणि नसेल तर माल लावते. चौथी गोष्ट ऐकून मालक दचकतात: गरजेपेक्षा थोडे जास्त हात ठेवायचे. क्विकट्रिप या पेट्रोल पंपवाल्या कंपनीत कुणी आजारी पडलं तर बदली म्हणून जायला वेगळी माणसंच ठेवलेली असतात.

आणि हे बाई ठासून सांगतात: नुसता पगार वाढवून भागत नाही. कामाची लावणी तीच विस्कटलेली ठेवली तर वाढीव पगार मालकाला परवडत नाही, आणि लावणी सुधारली पण पगार तोच ठेवला तर शिकवलेली माणसं निघून जातात. मला हे पटतं. एक शंका मात्र राहते. प्रकार कमी ठेवणं ज्याला आपला माल स्वतः निवडता येतो त्याला सोपं. गावातल्या किराणावाल्याला गिऱ्हाईक मागेल ते ठेवावं लागतं.

आपल्या गटांतल्या कितीतरी मुली तालुक्याच्या नाहीतर शहराच्या मोठ्या दुकानांत कामाला जातात. “दुकानातलं काम म्हणजे पगार एवढाच असायचा” असं त्याच सांगतात, जणू पाऊस पडतो तसं. टॉन बाईंचं वीसेक वर्षांचं काम या एका वाक्याला छेद देतं. पगार किती ठेवायचा, पाळी कधी सांगायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं, म्हणजे ते वेगळंही ठरवता येतं.

२०१७ मध्ये त्यांनी कंपन्यांना हा बदल करायला मदत करणारी गुड जॉब्स इन्स्टिट्यूट सुरू केली. २०२३ मध्ये दुसरं पुस्तक आलं, ‘द केस फॉर गुड जॉब्स’. हिशोब पटूनही मालक का बदलत नाहीत, हा प्रश्न त्यात आहे. बॉर्डर्सची दुकानं मात्र २०११ मध्येच बंद पडली.

दुकानात काम करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमची पाळी तुम्हाला किती दिवस आधी कळते? केंद्रावर चिठ्ठी पाठवा, नाव नको असेल तर घालू नका. पुढच्या भागात वाचू.