द्राक्षवेलीचे शास्त्र कोणाच्या वाट्याला?

सदाशिव पेठेत पावलोपावली अभ्यासिका आहेत. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिककडून आलेली आमच्या समाजाची मुले-मुली कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन तेथे एमपीएससीची तयारी करतात. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. त्यात उमेदीची पाच-सहा वर्षे कधी निघून जातात, ते कळतही नाही. आमच्या मुलांनी अधिकारी व्हावे, याला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. परंतु विज्ञानाची पदवी घेऊन आलेल्या या मुलांपैकी किती जणांनी हडपसरपलीकडच्या मांजरीला जाऊन चौकशी केली आहे?

मांजरीला १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. तेथीलच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने वाइन व मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण दिले आहे. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तर १८८० सालीच द्राक्षशेतीचे संशोधन व शिक्षण विद्यापीठाकडे सोपविले होते. म्हणजे द्राक्ष हा केवळ बागाईतदाराचा विषय नसून विद्यापीठाचाही विषय आहे.

पण बागेत राबतो कोण? निफाड, दिंडोरीच्या बागांत सुरगाणा, पेठ तालुक्यांतील आदिवासी आणि गावोगावचे भूमिहीन दलित मोठ्या संख्येने राबतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, घड बुडविणे ही सारी कौशल्याची कामे. त्यांना मजुरी मिळते, प्रमाणपत्र मिळत नाही.

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन कातडी भाजते. शिवाय त्याच्या संपर्कात आलेला माणूस दारू प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. शास्त्र शिकलेल्याला हे ठाऊक असते. पेस्ट लावून संध्याकाळी गुत्त्यावर जाणाऱ्या मजुराला ते कोण सांगणार? उद्या नुकसानभरपाई मागायची, तर रसायनाचे नाव, त्याचे प्रमाण, संपर्काचा काळ हे सारे कागदावर यावे लागते. ते ठामपणे सांगणारा तज्ज्ञ आमच्यातला का नसावा?

येथे काही उपासक आक्षेप घेतील की, पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी वाइन शिकायची काय? आक्षेप रास्त आहे. दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा अबाधित आहे. मद्याचा व्यापार सम्यक आजीविकेत बसत नाही. घटनेचे अनुच्छेद ४७ देखील राज्याने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असेच सांगते. परंतु द्राक्षविद्येचे वाइन हे एकच दालन आहे काय? बेदाणा, रस, रोगनिदान, माती-पाणी परीक्षण, कीडनाशकांच्या अंशांची तपासणी ही दालनेही तेथेच आहेत. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे युरोपने भारतीय द्राक्षे अडविली आणि बागाईतदार कर्जात बुडाले. बागाईतदार बुडाला, की मजुराची चूलही विझते. त्या अंशाचे मोजमाप करणारा रसायनतज्ज्ञ कोणते शील मोडतो?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगात वळविल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. शेतमालावर प्रक्रिया करणारा उद्योग गावाच्या दारात येतो, तेव्हा आमच्या मुलाने तेथे केवळ हमाल म्हणून जायचे की प्रयोगशाळेत बसायचे, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र वा कृषी पदवी घेतलेल्यांनी एमपीएससीच्या अर्जासोबत हाही अर्ज भरावा. मात्र प्रवेशापूर्वी त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती व फी सवलत लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासन कोर्टात टिकत नाही. राखीव जागा भरल्या जातात की नाही, याची माहिती संघटनांनी माहिती अधिकारात मागवावी. तसेच पेस्ट लावणाऱ्या प्रत्येक मजुराला हातमोजे आणि त्याच्या भाषेत धोक्याची सूचना मिळालीच पाहिजे, ही मागणी आता लावून धरली पाहिजे. वेल कोणाच्या हातांनी वाढते, हे साऱ्यांना दिसते. तिचे शास्त्रही आता त्याच घरांत गेले पाहिजे.