धोंदलगावची दिवसाची वीज
‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मधला राज्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ मध्ये सुरू झाला. क्षमता ३ मेगावॅट. कृषिपंपाला दिवसा वीज मिळाली, की साप-बिबट्याच्या धास्तीत रात्री दारं धरायला जावं लागत नाही. एवढ्यासाठीही योजना मोलाची.

गंमत म्हणजे अडचणही उन्हाचीच. पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढे दर अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं. वर धूळ, आणि ती धुवायला पाणी. टँकरच्या गावात ते आणायचं कुठून?

एक वाट पाण्यावरच पॅनल बसवण्याची: जायकवाडी धरणाच्या जलाशयावर तरंगत्या पॅनलांचा बेत आहे. पण तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.