बंबफोड

गुहागरजवळच्या या वाडीत मे महिना संपत आलाय. पाऊस आठ-पंधरा दिवसांवर, आणि मागीलदारी फांद्यांचा ढीग पडलाय : कलमांखालच्या वाळक्या डहाळ्या, बांधावरचं गिरिपुष्प, काजूची वठलेली फांदी. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबातच तापतं. बंबाच्या मधल्या नळीत वरून सोडायचे तुकडे आखूडच लागतात. काकू आज बंबफोड करायला मागीलदारी आलीय.

कोयत्याला हात लावण्याआधी ती काठीने ढीग चहूबाजूंनी बडवते. मग थांबते. वरची फांदी काठीनेच ओढून उलटी करते. या जांभ्याच्या मुलखात फुरसं असायचंच. जेमतेम हातभर, पाचोळ्याच्या रंगाचं आणि जहरी. "जनावर असलं तर जाऊ दे आधी," ती पुतण्याला सांगते. तो आठवीतला. त्याला घाई झालीय.

"चप्पल काढ, बूट घालून ये."

तो येईस्तोवर ती कोयत्याची मूठ हलवून बघते, दगडावर पाणी शिंपडून धार लावते. बोथट पातं लाकडात रुतत नाही, घसरतं, आणि घसरलं की कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पदर खोचून ती ओंडक्यामागे बसते. पाय ओंडक्याच्या आड.

मी तिच्या डाव्या हाताकडे बघत राहतो. फांदीचं लांब टोक त्या हातात, आणि घाव पडतो तिथून तो चांगला लांब. घाव तिरका, ओंडक्याच्या मधोमध. सरळ आडवा मारला तर फांदी चेचली जाते आणि कोयता उसळतो. तिरका मारला की पातं आत शिरतं. खट्. तुकडा पुढे पडतो, डावा हात फांदी पुढे सारतो. गाठ आली की काकू ती जागा सोडून अलीकडे तोडते. फांदी वीतभर उरली की तोडणं बंद. तो बुडखा तसाच टोपलीत. इथेच माणसं बोटं गमावतात. एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला थांबायचं, असं वाटतं आणि हात पात्याखाली जातो.

करंगळीएवढ्या काटक्यांना कोयता लागतच नाही. पुतण्या त्या हाताने मोडतोय. कडकन मोडली तर वाळलेली. वाकली तर ओली, धूर करणार, ती उन्हात परत.

जाड तुकडे उभे चिरायचे असतात. पुतण्या एक उभा धरतो.

"हात काढ!" काकूचा आवाज चढतो. ती तुकडा आडवा ठेवते, पातं त्याच्या टोकात हलकेच रुतवते आणि कोयत्यासकट तुकडा उचलून ओंडक्यावर आपटते. दोनदा आपटल्यावर तो उभा फाटतो. तुकड्याला हात लावावाच लागत नाही.

"आता तू. दमलास की सांग. दमल्या हाताने मारायचं नाही."

तो आपटतो. पहिल्या वेळी पातं सुटतं, तुकडा बाजूला उडतो. काकू काही बोलत नाही, त्याचं बूट घातलेलं पाऊल तेवढं मागे सरकवते. पुढचा तुकडा चरचरत उभा फाटतो, आत लालसर, सुकं लाकूड. तो वर बघतो. काकू टोपली त्याच्याकडे सरकवते : "हं, काजूची फांदी घे आता."