मंचुरियन कुणाचे?

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे शिरूर घ्या, नाहीतर रेल्वेचे जंक्शन दौंड घ्या. एकीकडे रांजणगावच्या कारखान्यांच्या पाळ्या, दुसरीकडे गाड्यांची ये-जा. त्यामुळे इथल्या घरगुती हॉटेलांची शेगडी दिवसभर पेटलेली असते. सकाळी पोहे-मिसळ, दुपारी थाळी आणि दिवेलागणीनंतर चायनीज. मालक कढईपाशी, मालकीणबाई कोबी चिरताहेत, मुलगा गल्ल्यावर. अशा ठिकाणी मी आवडीने खातो आणि दर वेळी मनात येते, ज्याला आपण चिनी म्हणतो ते चीनचे किती आणि आपले किती?

मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा मुलूख. आपले मंचुरियन मात्र तिकडचे नव्हे. ते जन्मले मुंबईत, १९७५ साली. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वँग तेव्हा क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. गिऱ्हाइकाने काहीतरी नवे मागितले. वँग यांनी आले, लसूण, हिरवी मिरची परतली, म्हणजे सुरुवात आपल्याच रश्श्याची. पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. ही हकिगत त्यांनीच सांगितलेली आहे. पुढे शाकाहारी मंडळींसाठी कोंबडीच्या जागी कोबी आला. किसलेल्या कोबीचे तळलेले गोळे म्हणजे भजीच की! आपल्याकडे ती रुजली यात नवल ते काय?

शेजवानची गंमत आणखी वेगळी. चीनच्या सिचुआन प्रांताची खूण नुसती मिरची नव्हे, तर जीभ बधिर करणारे तिथले मिरे. आपल्या शेजवान चटणीत ते बहुधा नसतातच. आणि त्याच कुळातले तिरफळ कोकणात बांगड्याच्या आमटीत पिढ्यान् पिढ्या पडते आहे!

आता फ्राईड राईस. त्याला ताजा, वाफाळता भात चालत नाही. ओल असते, परतताना लगदा होतो. भात निवला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शिते सुटी राहतात. म्हणून भात आधीच शिजवून ठेवतात, आणि जपायचे ते इथेच. तांदळातल्या ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला, तर जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात चिनी खानावळींतल्या फ्राईड राईसने लोकांना उलट्या झाल्या, त्या यामुळेच. उपाय साधा आहे. भात परातीत पातळ पसरून लवकर निववायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. ज्या घरात हे काम रोज कुणीतरी नेमाने करते, तिथला भात निर्धास्त खावा.

राहिला रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा पालिकेने तर जत्रेतल्या मंचुरियनच्या गाड्यांनाच मज्जाव केला. मला विचाराल तर गाडीच बंद करणे हे जरा जास्तच झाले. एका गाडीवर एक घर चालते. शिवाय लालभडक मंचुरियन मागणारे आपणच. ब्याडगी मिरची भिजवून वाटली तरी छान रंग येतो, फक्त तो भडक नसतो आणि मिरचीला पैसे जास्त पडतात. कढईपाशी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. ‘रंग घालू नका हो,’ एवढे त्याला सांगून पाहा.